ब्रेकचा आवाज: आधी निदान, मग दुरुस्ती

(पुण्यात मोटारमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, ब्रेक दाबला की चाकातून कर्कश आवाज येतो, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते: पॅड बदलून टाका, किंवा काही झालेले नाही, चालवा तशीच. दोन्ही उत्तरे काही वेळा बरोबर असतात. पण चाक न उतरवता दिलेले कुठलेही उत्तर आपण मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज बंद करणे वेगळे आणि त्याचे कारण दूर करणे वेगळे, आणि आज मला बोलायचे आहे ते कारणाविषयी.

ब्रेक दाबल्यावर तेलाच्या दाबाने कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या पकडीतला, पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी आवळतात. हे घासणे एकसारखे वाटले, तरी काही परिस्थितीत पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडू लागले की पॅड, कॅलिपर आणि डिस्क मिळून थरथरू लागतात आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. फळ्यावर खडू अगदी उभा धरला की किंचाळतो आणि थोडा तिरपा केला की गप्प होतो, त्यातलाच हा प्रकार आहे. अनेक पॅडच्या कडा कारखान्यातच तिरप्या कापलेल्या असतात, त्यामागचे एक कारण हेच. या आवाजाची कंपनसंख्या साधारणपणे १,००० ते १५,००० हर्ट्झच्या दरम्यान असते, आणि त्यातल्या २,००० ते ५,००० च्या पट्ट्यात माणसाचा कान विशेष तीक्ष्ण असल्यामुळे अगदी बारीक कंपनही मोठे वाटते. म्हणूनच आवाजाच्या मोठेपणावरून बिघाडाचा मोठेपणा ठरवता येत नाही. तो केव्हा येतो, हे पाहावे लागते.

पावसाळ्यात रात्रभर गाडी उघड्यावर उभी राहिली की डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकला खरखर येऊन ती थांबली, तर काहीही करण्याची गरज नाही. वळणावर किंवा सरळ जातानाही अखंड किरकिर येत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असू शकतो. मात्र ब्रेक न दाबताही बारीक शीळ येत असेल आणि दाबल्यावर ती बदलत किंवा थांबत असेल, तर पॅडवरच्या छोट्या पोलादी पट्टीची शंका घ्यावी. पॅडचे अस्तर, म्हणजे डिस्कवर घासून झिजणारा थर, दोन-तीन मिलिमीटर उरले की ही पट्टी डिस्कला टेकावी, अशाच बेताने ती बसवलेली असते. तो बिघाड नव्हे, सूचना आहे. ती सूचना दुर्लक्षित राहिली की पुढे येते ती लोखंडावर लोखंड घासल्याची घरघर, आणि ती ऐकू आल्यावर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

कोणत्या चाकाचा आवाज आहे हे कळत नसेल, तर काच खाली करून सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीलगत हळू गाडी चालवावी आणि हलका ब्रेक दाबावा. भिंतीवरून आवाज परतल्यामुळे त्या बाजूचे चाक लगेच ओळखू येते.

आता चाक उतरवू. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना अडण लावलेले, आणि जॅकच्या जोडीला भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नये. कॅलिपर सोडवून दोन्ही पॅड बाहेर काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. आपल्याकडे ही साधी कृती फार कमी वेळा होते. नव्या पॅडचे अस्तर साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असते. दोन्ही पॅड सारखे झिजले असतील तर यंत्रणा निरोगी आहे. पण आतला तीन मिलिमीटरवर आला आहे आणि बाहेरचा अजून सात मिलिमीटर आहे, किंवा एकाच पॅडची झीज तिरपी आहे, असे दिसले तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो, त्या पिना हाताने ओढून पाहा. रबरी टोपण फाटले की पावसाचे पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीसचा तपकिरी, चिकट लगदा होतो आणि पिन जागीच अडकते. मग कॅलिपर मोकळा होत नाही, पॅड डिस्कला टेकूनच राहतो, तापतो आणि ओरडतो. पिना मोकळ्या असूनही झीज असमान असेल, तर पिस्टन अडकलेला आहे का, हे पाहावे. नवे पॅड बसवून महिन्याभरात आवाज पुन्हा सुरू झाल्याच्या कितीतरी तक्रारींच्या मुळाशी हीच न साफ केलेली पिन असते.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, तर त्याचे कारण बऱ्याचदा घाटात सापडते. सिंहगडावरून किंवा कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना ब्रेकवर सतत हलका पाय ठेवला, की अस्तर तापून वर कठीण थर जमतो. उताराला दुसरा गिअर ठेवावा, आणि ब्रेक ठामपणे दाबून सोडून द्यावा. चकाकी हलकी असेल तर सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपर ठेवून ती काढता येते. अस्तराला तडे गेले असतील तर पॅड बदलणेच योग्य.

दुरुस्ती करताना भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि नव्यांतली भुकटीही फुफ्फुसांना घातक असते, म्हणून ब्रेक क्लीनर मारून कापडाने पुसावे. पिनांना रबराला चालणारे, उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावावे, साधे ग्रीस रबर फुगवते. पॅडच्या पाठीमागच्या धातूवर त्याच प्रकारचे ग्रीस अगदी पातळ लावावे. आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर तेल किंवा कसला स्प्रे मारणारे लोक मी पाहिले आहेत. ते जिवावर बेतणारे आहे. पॅडच्या पाठीवरची पातळ पट्टी, म्हणजे शिम, आणि बाजूच्या क्लिपा कंपन शोषण्यासाठीच असतात, त्या फेकून देऊ नयेत. नाना पेठेत पॅड घ्यायला जाताना जुना पॅड सोबत न्यावा आणि आकार, शिम, पट्टीची बाजू जुळवून घ्यावी. पॅड नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते; लेथवर घासून ती त्याखाली जाणार असेल, तर डिस्क नवीच घ्यावी.

अनेक छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम असतो, आणि त्याला आतून घासणाऱ्या अस्तराच्या कमानींना शू म्हणतात. तिथे भुकटी साफ करणे आणि शू ज्या पत्र्यावर टेकतात त्या जागांना थोडे ग्रीस लावणे, एवढ्यावर बहुतेक आवाज जातात. पण आत तेलाचा ओलावा दिसला तर शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर गळत आहे असे समजावे.

जोडणी झाल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्यावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत येईपर्यंत गाडीला ब्रेकच नसतो. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवावा आणि मधे डिस्कला गार होऊ द्यावे. नवा पॅड डिस्कवर बसेपर्यंत थोडी कुरकुर राहू शकते. तीनशे किलोमीटरनंतरही ती तशीच राहिली, तर तेच चाक पुन्हा उतरवून दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.