गड्डीतली बदली नोट

कोरी गड्डी हातात आली की आपण अंगठ्यानं फर्रकन नोटा उलटतो आणि आकडे ओळीनं चढत गेलेत का ते बघतो. आता हीच गड्डी छापखान्याच्या बाजूनं बघा. मधल्या एका नोटेला शाई फासली, किंवा कापताना ती तिरकी गेली. ती नष्ट करावी लागणार आणि रांगेत भोक पडणार. तोच क्रमांक पुन्हा छापायचा तर एका नोटेपायी यंत्राचे आकडे फिरवून बसवा. धडाधड छपाई चालू असताना हा उपद्व्याप कोण करणार? म्हणून वेगळ्या खुणेची एक मालिका आधीच छापून ठेवतात आणि खराब नोटेच्या जागी त्यातली एक सरकवतात. खेळातला बदली खेळाडूच म्हणा.

अमेरिकेत १९१० पासून या खुणेसाठी क्रमांकाशेजारी तारा छापतात. तिथं ताऱ्याला आणखी एक काम आहे. क्रमांक आठ आकडी, म्हणजे ९,९९,९९,९९९ च्या पुढे यंत्राची धाव नाही. दहा कोटीव्या नोटेला नंबरच उरत नाही, तेव्हा तिथंही तारांकित नोट लावायची.

भारतात रिझर्व्ह बँकेनं २००६ मध्ये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून सुरुवात केली. तारा असतो अक्षरं आणि आकडे यांच्या मधोमध. अशी नोट असलेल्या गड्डीत नोटा शंभरच, पण क्रम सलग नसतो, आणि पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. तरी ‘तारा म्हणजे नकली’ अशी अफवा उठलीच. २०२३ मध्ये बँकेला खुलासा करावा लागला, की ही नोट इतर नोटांसारखीच चालते.

तारा दिसतो तरी. खरी मजा, आणि खरी डोकेदुखी, तो नसतो तिथं आहे. कॅनडानं आधी तारा वापरला, पुढं नुसतं ‘एक्स’ हे अक्षर आणलं. झिम्बाब्वेच्या शंभर ट्रिलियन डॉलरच्या नोटेवर, त्या चौदा शून्यवाल्या, बदलीची खूण म्हणजे सुरुवातीची ‘झेडए’ ही दोन अक्षरं. माहीत नसेल तर हातात येऊनही कळायचं नाही.

गोंधळही होतात. २०१३ च्या मालिकेत न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेसाठीच्या एक डॉलरच्या तारांकित नोटा वॉशिंग्टन आणि फोर्ट वर्थ अशा दोन्ही छापखान्यांनी काढल्या आणि लाखो क्रमांक दोनदा छापले गेले. एका क्रमांकाची एकच नोट असावी म्हणून जी खूण काढली, तिच्यातच जुळी निपजली! संग्राहक अजून त्या जोड्या जुळवत बसलेत. मला विचाराल तर या छंदातला हा सगळ्यात गोड वेडेपणा आहे.

  

एक विनंती. चुरगळलेली नोट धुऊ नका, इस्त्री तर मुळीच करू नका. घडी जाते, पण कागदाचा करकरीतपणाही जातो, आणि जाणकाराला ते बोट लावताच कळतं. विकत घेताना भिंगातून तारा आणि आकडे शेजारी शेजारी बघा. शाई एक, जाडी एक, ओळ एक हवी. तारा मागाहून चिकटवणारे महाभाग असतात.

आता ही पाकिटातली नोट तुमच्यात फिरवतो आहे, पाकिटासकट कडेनं धरा. १९४२ ची गोष्ट. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकेची हवाई बेटं जपानच्या हाती पडली तर तिथले डॉलर एका फटक्यात रद्द करता यावेत, म्हणून हे वेगळे छापले. मागे आडव्या मोठ्या अक्षरांत ‘हवाई’ लिहिलंय. एक डॉलरवरचा शिक्का तेव्हा एरवी निळा, इथं तपकिरी. आकडेही तपकिरी. आणि त्या आकड्यांच्या आधी, डाव्या बाजूला, नीट बघा, तारा आहे.