आधी हवा, मग चमक

(ठाण्यातल्या गिर्यारोहक मंडळींच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी आत आलो तेव्हा मागच्या रांगेतल्या एका ताईंनी टेबलाकडे बघून विचारलं, "काका, ही समई का हो?" समई नाही ताई, स्टोव्ह आहे. पण तुमची चूक नाही. तिशीच्या आतल्या किती जणांनी असा स्टोव्ह पेटलेला पाहिला असेल? पन्नाशीच्या पुढच्यांच्या कानात मात्र आत्ताच तो भर्र आवाज सुरू झाला असणार.

मी गिर्यारोहक नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होतो. डोंगरात जायचा तो माझा मामा. माहुली, हरिश्चंद्रगड, रतनगड, एकदा हिमालय. हा स्टोव्ह सुटा करून पत्र्याच्या डब्यात घालायचा आणि डबा सॅकमध्ये. टाकीत रॉकेल मावतं पाव लिटरच्या आसपास, तेवढ्यात चार माणसांची खिचडी आणि दोनदा चहा. दोन वर्षांपूर्वी नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, माळा रिकामा केला, तेव्हा डबा हाती आला. तीस-पस्तीस वर्षं तो तिथेच पडला होता आणि टाकीत तेव्हाचं रॉकेल तसंच होतं. रॉकेल कसलं, तपकिरी काकवी. वास असा की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

मग मी काय केलं? सगळे करतात तेच. घासूनपुसून लख्ख केला. पितांबरी आपल्या ठाण्याचीच, ती लावली, वर चिंच लावली. सोन्यासारखा झाला. नवीन रॉकेल भरलं, बर्नर तापवला, पंप मारला आणि गॅलरीत कौतुकाने बघत उभा राहिलो. अर्ध्या मिनिटात पंपाचा दांडा आपोआप वर यायला लागला. मला गंमत वाटली. दुसऱ्या क्षणी पंपाच्या तोंडातून रॉकेलची धार आणि धारेला आग. ओलं गोणपाट टाकून विझवली. बायको दारात उभी होती. म्हणाली, "मामांना भेटायची एवढी घाई झालीय का?"

तर आजचं सगळं बोलणं त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

हे यंत्र चालतं कसं ते बघू. टाकीत रॉकेल, त्याच्यावर हवेचा दाब. त्या दाबाने रॉकेल मधल्या नळीतून वर चढतं आणि बर्नरच्या वळशांत शिरतं. बर्नर तापलेला असेल तर तिथे त्याची वाफ होते, ती एका बारीक भोकातून जोरात सुटते, सुटताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि निळी जळते. जळता जळता तोच बर्नर तापवत राहते. म्हणजे एकदा सूर लागला की गाडी आपली आपण चालते. अडचण काय ती पहिल्या दोन मिनिटांची. त्यासाठी काकडा, म्हणजे इंधनात भिजवलेला पेटता बोळा, नाहीतर बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट. तेवढा धीर नसेल आणि थंड बर्नरवर पंप मारला, तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं. मग पिवळी, काजळी ओकणारी, हातभर ज्योत.

ही युक्ती स्टॉकहोममधल्या फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराची, साल १८९२. त्याने नाव ठेवलं प्रायमस, आणि आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असा स्टोव्ह असला तरी आजी त्याला प्रायमसच म्हणायची. नान्सेन उत्तर ध्रुवाकडे गेला तेव्हा प्रायमस बरोबर होता, अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हाही होता. १९५३ च्या २९ मेच्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तंबूत हिलरीचे बूट गोठून लाकूड झाले होते. ते त्याने स्टोव्हच्या ज्योतीवर शेकून मऊ केले, मग तो आणि तेनझिंग निघाले. शेकलेल्या चामड्याचा तंबूत काय वास सुटला असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

आता दुरुस्ती. स्टोव्ह जुना होतो म्हणजे त्यातलं पितळ जुनं होत नाही. त्यातलं चामडं, बूच आणि रबर म्हातारं होतं. माझा अपघात झाला तो एका मऊ चकतीमुळे, तुरीच्या दाण्याएवढ्या. पंपाच्या तळाशी एक झडप असते. हवा टाकीत जाऊ द्यायची, टाकीतलं काही मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तिच्यात स्प्रिंगवर बसवलेली बुचाची किंवा रबराची चकती असते. ती वाळून दगड झाली की टाकीतला दाब उलटा पंपात शिरतो आणि दांडा वर यायला लागतो. दांडा आपोआप वर आला की बाकी काही बघू नका, हवेचा स्क्रू सैल करून दाब जाऊ द्या आणि लांब व्हा. मी बघत बसलो होतो.

चकती सायकलच्या ट्यूबची कापली तर? मीही कापली. टर्नर माणूस, जुगाड सुचणारच. चार दिवसांत रॉकेल पिऊन ती फुगली आणि मऊ लापशी झाली. साधं रबर रॉकेलला टिकत नाही. नायट्राइल रबर मागा. ऑइलसीलच्या दुकानात मिळतं आणि स्वस्त असतं. टाकीच्या झाकणाखालचा वायसरही त्याचाच.

पंपाच्या दट्ट्याला चामड्याची वाटी असते, ती सहसा बदलावी लागत नाही. रात्रभर तेलात भिजवा आणि कडा बोटांनी हलकेच बाहेरच्या बाजूला पसरा, म्हणजे ती नळीला घट्ट बसते. तेल मशिनचं घ्या. खोबरेल नको. खोबरेल थंडीत थिजतं आणि तुम्ही हा घेऊन थंडीतच जाणार.

बर्नर आणि नळी यांच्यामध्ये शिशाचा वायसर असतो. शिसं मऊ, दाबलं की भेगा भरून काढतं. मात्र एकदा चेपलेला वायसर परत वापरायचा नाही. मला तयार मिळाला नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मित्राने जाळ्याला लावायचं शिसं दिलं, ते ठोकून पातळ केलं आणि वायसर कापला. आणि बर्नर काढताना टाकी हातात धरून पिळू नका. मधली नळी टाकीला डाख देऊन बसवलेली असते, जोर तिच्यावर येतो आणि सांधा सुटतो. सांध्याजवळ दोन दिवस रॉकेल सोडत राहा, थोडा तापवा, थंड होऊ द्या, परत तापवा. तापवायचं ते टाकी रिकामी आणि उघडी करून, धुऊन, उन्हात चांगली वाळवल्यावर. आणि जिच्यात कधीही इंधन होतं त्या टाकीला घरी डाख देऊ नका. आतली वाफ डोळ्यांना दिसत नाही.

बर्नरमधला कचरा दोन जातींचा. जुन्या इंधनाचा चिकटा विरघळतो. कोळसा झालेला भाग विरघळत नाही, तो खरवडावा लागतो. सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पीळ सोडवायचा आणि वळशांतून मागेपुढे करायचा. हे काम कंटाळवाणं आहे, रेडिओ लावून बसा. वरचं भोक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतं. त्याला स्टोव्हची पिनच मारायची, शिवणाची सुई नाही. भोक जरा मोठं झालं तर ज्योत बिघडते आणि मग भोकाचा तो भागच नवीन बसवावा लागतो.

टाकीतलं जुनं रॉकेल गटारात ओतू नका. आपली गटारं खाडीला जातात आणि खाडीत फ्लेमिंगो उतरतात. मी बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपात दिलं.

चमक शेवटी, आणि तीही बेताने. चिंच फार वेळ ठेवली तर पितळ गुलाबी दिसायला लागतं, कारण वरच्या थरातलं जस्त निघून तांबं उरतं. अमोनियाचं पॉलिश तर नकोच. ब्रिटिश फौज हिंदुस्थानात पावसाळ्यात पितळी काडतुसं तबेल्यांत ठेवायची. काही दिवसांनी काडतुसांना आपोआप चिरा पडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ घडवताना आत राहिलेला ताण, असं हे त्रिकूट होतं. त्याची नीट उकल १९२१ मध्ये झाली. स्टोव्हची टाकीही ठोकून-ओढून घडवलेलं पितळच आहे.

आता परीक्षा. बर्नरचं भोक बंद करून रिकाम्या टाकीत पंप मारा आणि बादलीत बुडवा, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी. बुडबुडा आला, तिथे काम बाकी. नाही आला तर पुसून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी हवेचा स्क्रू सैल केल्यावर ठसठशीत फुस्स ऐकू आलं पाहिजे. माझ्या स्टोव्हने ते पाचव्या खेपेला ऐकवलं. त्यानंतरच रॉकेल, तेही पाऊण टाकी. पेट्रोल कधीच नाही. पेट्रोलचे स्टोव्ह वेगळे असतात. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल घातलं तर तो स्टोव्ह राहत नाही.

भडक्याचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट बोलतो. आमच्या तरुणपणी पेपरात ठरलेली बातमी असायची, "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू". स्टोव्हचे अपघात होत, खरे होत. पण भडका नव्या सुनेच्याच वाट्याला इतक्या वेळा का यायचा, हा प्रश्न बायकांच्या मोर्चांनी विचारला. १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम. त्या बातम्यांमध्ये किती वेळा या मुक्या यंत्राच्या नावावर दुसऱ्याचं पाप खपवलं गेलं, ते आता कोण मोजणार? हा स्टोव्ह उघडून बसलो की मला त्या बातम्या आठवतात. म्हणून बोललो.

एका तरुणाने विचारलंय, हा घेऊन कसारा लोकलने गेलं तर चालेल का? नाही चालणार. रॉकेल गाडीत नेणं रेल्वे कायद्याच्या १६४ कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानातही वापरलेला स्टोव्ह बहुधा अडवतात. येऊरला म्हणाल तर ते राष्ट्रीय उद्यान, तिथे जाळ करायचाच नाही. आणि तंबूच्या आत कुठलाच स्टोव्ह नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग याचा उपयोग काय? दर रविवारी आमच्या गच्चीवर याच्यावर चहा होतो, एवढा.

शेवटचा प्रश्न चांगला आहे. टाकीला हा पोचा पडलाय, तो का काढला नाही? आतून ठोकून काढता येतो. पण आधीच घडवलेलं पितळ परत ठोकलं की कडक होतं आणि कडेला चिरतं. दाब धरणाऱ्या टाकीत मला तो धोका नको. शिवाय मामा म्हणायचा की हा रतनगडाच्या शिडीवर पडला. मामी म्हणायची, गडबिड काही नाही, मोरीत पडला.

चला, बाहेर अंगणात या. वाळूची बादली ठेवली आहे, मुलांनो, तिच्या अलीकडेच थांबा. काकडा मी लावतो. तो विझत आला की कोणीतरी पंप मारा. दहाच दट्टे, अकरावा नको.