डिझायनरचं प्रदर्शन बघताना आधी मागे जा!

नमस्कार मंडळी! ठाण्याहून, नौपाड्यातल्या आपल्या शिवणाच्या खोलीतून.

क्लासला येणाऱ्या एक काकू मुलीकडे लंडनला निघाल्यात. मुलगी म्हणतेय, म्युझियममध्ये एका मोठ्या डिझायनरचं प्रदर्शन दाखवते. काकू मला विचारतात, "अगं, तिकीट काढून कपडे बघायचे? राम मारुती रोडला फुकट बघते की!"

प्रश्न रास्त आहे. आता हे ऐका. 2015 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरचं प्रदर्शन होतं. जवळजवळ पाच लाख लोक आले. शेवटचे दोन वीकेंड तर म्युझियम रात्रभर उघडं ठेवलं होतं. पण गर्दी होते म्हणून जाऊ नका. आपण शिवणारी माणसं, आपल्याला तिथे इतरांपेक्षा जास्त दिसतं, म्हणून जा.

सगळे पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. तुम्ही मागे जा. पाठ बघा, मुंढा बघा, म्हणजे बाही जोडतात तो खांद्या-काखेभोवतीचा गोलाकार भाग. बाही मुंढ्यात कशी बसलीय, चूण पडलीय का, त्यावरून कारागीर कळतो.

याच मुंढ्यापायी जीव टाकणारा डिझायनर म्हणजे क्रिस्तोबाल बालेन्सियागा. जन्म 1895, स्पेनमधलं गेतारिया हे समुद्रकाठचं गाव. आई शिवणकाम करायची. हा स्वतः बेतायचा, कापायचा, शिवायचा. नुसती चित्रं काढून कारागिरांच्या हातात देणाऱ्यांतला नव्हे! बाही मनासारखी बसली नाही की उसवून पुन्हा लावायचा. 2017 मध्ये त्याच म्युझियमने त्याच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा निक व्हीझी नावाच्या कलाकाराने कपड्यांचे चक्क एक्स-रे काढले. कपड्यांचे, हो! चोळीत बसवलेल्या ताठ पट्ट्या दिसल्या, आणि कापड हवं तिथेच पडावं म्हणून आत लपवलेली छोटी वजनं. आपण पडद्याच्या तळाला वजन घालतो ना, तीच युक्ती. मला विचाराल तर बाहेरच्या भरजरी कामापेक्षा हा एक्स-रे बघायला मी आधी धावेन.

आता आत गेल्यावर तक्रार करू नका, की एवढे पैसे घेतात आणि दिवे मिणमिणते. कापडाच्या दालनात उजेड साधारण 50 लक्सच ठेवतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). उजेडाने रंग उडतो, रेशीम विरतं आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून तर नाजूक कपडे काही महिने मांडून पुन्हा अंधारात ठेवतात.

आणि हे बघा. (सुती तुकडा कॅमेऱ्याजवळ धरून) उभ्या धाग्यात ओढला, जागचा हलत नाही. आता तोच उरेब, म्हणजे तिरका धरते... ताणला की नाही? अख्खा गाऊन उरेब कापलेला असेल, तर हँगरवर स्वतःच्याच वजनाने लांबत जातो. म्युझियमवाले तो आडवा निजवून ठेवतात. घरातल्या उरेब ड्रेसचंही तेच करा, घड्यांमध्ये मऊ कागद घालून.

लंडन लांब आहे, मान्य. बालेन्सियागाच्या गावातच 2011 पासून त्याचं म्युझियम आहे, पण तेही लांबच. मग ठाण्याहून फास्ट लोकल पकडा, सीएसएमटीला उतरा आणि फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. नजर तयार करायला उत्तम जागा.

जाता जाता एक गोष्ट मला बोचते. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवलं, जॉन मोलोसोबत. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. 2012 मध्ये त्यांनी ती ऑस्करची बाहुली अमेरिकेत अकादमीकडेच परत पाठवली, तिथे नीट जपली जाईल म्हणून. धातूच्या बाहुलीची ही काळजी, तर कापडाचं काय बोलायचं!

असो. पुढच्या व्हिडिओत मुंढ्याचं कटिंग. न वापरता पडलेला एखादा ब्लाउज काढून ठेवा, आणि उसवायला धारदार कात्री घेऊन बसा.