व्हरमाँटच्या खेड्यात सावळी डॉक्टरीण

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘अमेरिकेतलं ग्रामीण जीवन’. तो मी त्यांच्या परवानगीने जरा वळवून घेतलाय. कारण खेडं कुणी पाहिलेलं, यावर ते कसं दिसतं हे ठरतं. पाटलाच्या वाड्यातून दिसणारं गाव आणि वेशीबाहेरून दिसणारं गाव एकच असतं का? तेव्हा आधीच सांगते. मी तिथे डॉक्टर आहे आणि सावळी आहे. पहिल्या गोष्टीमुळे मला मान मिळतो. दुसरीमुळे काय मिळतं, त्याबद्दल आज बोलायचंय.

व्हरमाँट हे न्यूयॉर्क राज्याला लागून, वरून कॅनडाला टेकलेलं राज्य. तिथल्या लोकांच्या हिशेबात चिमुकलं, पण आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं. माणसं मात्र २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आतच भरली. राजधानी माँटपेलियर, तिची वस्ती जेमतेम आठ हजार. दर तीन माणसांमागे जवळजवळ दोन ग्रामीण भागात राहतात आणि हे प्रमाण अख्ख्या अमेरिकेत सर्वांत जास्त आहे. गोरे सुमारे ९० टक्के. उरलेल्यांतले बरेच जण बर्लिंग्टन आणि विनूस्की या जुळ्या गावांच्या आसपास. भूतानमधून हाकललेली नेपाळीभाषक कुटुंबं २००८ नंतर तिथे आली, त्यामुळे तिथे मोमो मिळतात, दसैन साजरा होतो. पण तिथून गाडी काढून तासभर डोंगरात गेलात, की आरशात दिसेल तेवढाच सावळा चेहरा.

मिरजेची बाई तिथे पोचली कशी? निसर्गाच्या ओढीने नाही, व्हिसासाठी. बाहेरून शिकायला आलेल्या डॉक्टरने शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं, असा तिथला नियम आहे. जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं, तर त्यातून सूट मिळते. नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने ही योजना १९९४ पासून चालू आहे आणि प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा मिळतात. नॉर्थ डकोटा, मेन, व्हरमाँट अशा ठिकाणी आडगावच्या दवाखान्यात तुम्हाला कुणी कुलकर्णी, रेड्डी किंवा खान दिसले, तर बहुधा याच वाटेने आलेले असतात. गोऱ्या डॉक्टरांना जिथे जायचं नसतं, तिथे आम्ही जातो. तीन वर्षांनी बरेच जण शहर गाठतात. आम्ही राहिलो.

आता तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल. आमच्याकडे रस्त्यावर समोरून गाडी आली, की स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायचा रिवाज आहे. छान रिवाज आहे, मलाही आवडतो. पण माझ्या शेजारणीने एखाद्या दिवशी बोट उचललं नाही, तर ती विचारात असेल. मी उचललं नाही, तर ‘ती इंडियन डॉक्टर जरा तोऱ्यात असते’. थकायची, चिडायची, दुर्लक्ष करायची मुभा मला नाही, कारण मी केलेलं सगळं लोकांच्या लक्षात राहतं. आणि ते माझ्या एकटीच्या नावावर जमा होत नाही, एका अख्ख्या देशाच्या खात्यावर जातं.

माझ्या मुलाचंच सांगते. सहावी-सातवीतली पाच-सहा पोरं एका संध्याकाळी हुंदडत निघाली आणि रस्त्याकडेच्या टपालपेट्या काठीने ठोकून वाकड्या केल्या. वाईटच केलं, आम्हीही त्याला रागावलो. पण त्या रात्री पोलिसांचा फोन फक्त आमच्याकडे आला. का? खिडकीतून पाहणाऱ्या आजीबाईंना बाकीची पोरं ओळखताच आली नाहीत. गोरी पोरं, टोपी घातलेली, कुणाचीही असू शकतात. एकच लक्षात राहिला. आजीबाई खोटं बोलल्या नव्हत्या, पोलिसही सभ्यपणे बोलले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता आणि तरीही फोन आमच्याच घरी वाजला. वंशभेद म्हटलं, की आपल्याला शिवीगाळ आणि दगडफेक आठवते. माझ्या अनुभवात तो नव्वद टक्के वेळा असा येतो, आणि त्याबद्दल तक्रार करायची तर कुणाविरुद्ध करायची?

त्यात व्हरमाँटला स्वतःच्या चांगुलपणाचा फार अभिमान आहे, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. १७७७ साली व्हरमाँटने स्वतःची राज्यघटना केली आणि तिच्यात प्रौढ माणसाला गुलाम ठेवण्यावर बंदी घातली. त्या भागात कुणीच तोवर हे केलं नव्हतं. शाळेतल्या प्रत्येक पोराला हे पाठ असतं. पाठ नसतं ते हे, की बंदी पुरुषांच्या बाबतीत एकविसाव्या आणि बायकांच्या बाबतीत अठराव्या वर्षानंतर लागू होत होती. ती पळवाट घटनेत तशीच राहिली आणि २०२२ मध्ये मतदान घेऊन मजकूर बदलावा लागला. अलेक्झांडर ट्वायलाइट हाही तिथलाच. १८२३ मध्ये मिडलबरी कॉलेजातून पदवी घेणारा आणि १८३६ मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून जाणारा मिश्रवंशीय माणूस.

पण मला जास्त जवळचे वाटतात ते लेम्युएल हेन्स. स्वातंत्र्ययुद्धात लढलेले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. १७८८ पासून पुढची तीस वर्षं त्यांनी रटलंडच्या गोऱ्या मंडळींना प्रवचनं दिली. मग मतभेद झाले आणि त्यांना जावं लागलं. त्यावर त्यांनी मारलेला टोला त्यांच्या चरित्रात नोंदवलेला आहे. त्याचा मथितार्थ असा, की रटलंडची माणसं भलतीच चाणाक्ष, तीस वर्षं प्रवचनं ऐकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपला पाद्री काळा आहे, आणि मग त्यांनी त्याला घालवलं. दोनशे वर्षांपूर्वीचा विनोद आहे हा. आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तो आजही सांगता येतो, फक्त ऐकणारे कोण आहेत ते आधी पाहून घ्यावं लागतं.

पुढचं भराभर सांगते. व्हरमाँट विद्यापीठात हिवाळी उत्सवात गोरी पोरं तोंडाला काळं फासून नाचायची, त्याला ‘केक वॉक’ म्हणत. हा प्रकार १९६९ पर्यंत चालला. आदल्याच वर्षी, जुलै १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियाहून इरासबर्ग नावाच्या खेड्यात राहायला आलेल्या रेव्हरंड डेव्हिड जॉन्सन या कृष्णवर्णीय पाद्र्याच्या घरावर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांनी चौकशी कुणाची केली? पाद्र्याची. घरात पाहुणी म्हणून राहणाऱ्या गोऱ्या बाईवरून त्याच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवला. तो आरोप पुढे टिकला नाही, पण ते कुटुंब राज्य सोडून गेलं. चांगल्या माणसांचं राज्य असल्यामुळे वाईट घडलंच नसणार, आणि ज्याच्या बाबतीत घडलं त्याचंच काहीतरी चुकलं असणार, ही विचारसरणी मला उघड द्वेषापेक्षा जास्त थकवते.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणाल. मग बेनिंग्टनच्या काया मॉरिस यांचं ऐका. २०१४ मध्ये त्या विधिमंडळावर निवडून आल्या, तिथे त्या एकट्याच कृष्णवर्णीय स्त्री होत्या. वर्णद्वेषी छळाला कंटाळून त्यांनी २०१८ मध्ये फेरनिवडणूक सोडली आणि पाठोपाठ पदाचाही राजीनामा दिला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की छळ झाला हे खरं, पण कायद्याच्या चौकटीत खटला भरता येत नाही. २०२१ मध्ये बेनिंग्टनने माफी मागून भरपाई दिली. तोवर बाई पद सोडून गेल्या होत्या. लोकप्रतिनिधीची ही गत, तर आमच्यासारख्यांनी काय समजायचं?

रस्त्यावरचंही सांगते. स्टेफनी सेग्विनो आणि नॅन्सी ब्रूक्स या दोन अर्थतज्ज्ञ बाईंनी पोलिसांच्याच नोंदी तपासून २०१७ मध्ये अहवाल दिला. गाडी थांबवल्यावर झडती घेतली जाण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय चालकांमध्ये गोऱ्यांच्या सुमारे चौपट निघालं, आणि झडतीत आक्षेपार्ह वस्तू सापडण्याचं प्रमाण मात्र गोऱ्यांपेक्षा कमी. माझा नवरा रात्री गाडी चालवताना स्टेथोस्कोप आरशाला लटकवून ठेवतो. तो डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. स्टेथोस्कोप माझा आहे.

(हशा)

हसा, आम्हीही हसतो.

आता एका माणसाबद्दल. आमच्याकडे हिवाळा आणि वसंताच्या मधे एक पाचवा ऋतू असतो, चिखलाचा. बर्फ वितळतं, कच्चे रस्ते लोण्यासारखे होतात. एका मार्चमध्ये माझी गाडी अर्ध्या चाकापर्यंत रुतली. गावातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून, स्वतः चिखलात झोपून साखळी बांधली आणि मला बाहेर काढलं. पैसे घ्यायला तयार होईना. काही दिवसांनी तो छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात आला आणि मला पाहून परिचारिकेला हळूच म्हणाला, ‘आपल्यातला कुणी डॉक्टर नाही का?’ लोक मला विचारतात, मग यातला खरा माणूस कोणता? दोन्ही. त्याच्या लेखी शेजारधर्म वेगळा आणि विश्वास वेगळा. त्याचा ईसीजी मीच काढला, कारण त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं.

मी तरी डॉक्टर आहे. व्हरमाँटची खरी शान म्हणजे दूध आणि चीज, आणि त्या गाईंचं दूध काढणारे हात आज मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोच्या चियापाससारख्या भागांतून आलेल्या माणसांचे आहेत. कॅनडाची सीमा जवळ, म्हणून सीमा पोलिसांच्या गाड्या फिरत असतात आणि कागदपत्रं नसलेली ही माणसं गोठ्याबाहेर पडायला घाबरतात. बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाच्या कडेला असतात, तशाच यांच्या खोल्या गोठ्याच्या कडेला. जिच्या साखरेचा चहा आपण पितो, त्या बाईचं नाव आपल्याला माहीत नसतं. या मजुरांनी मात्र संघटना बांधली, आणि २०१७ मध्ये बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीकडून मजुरी, विश्रांती आणि राहण्याच्या जागेबाबत करार मिळवला. माझ्याकडे यायचे तेव्हा त्यांचे आजार फार पुढे गेलेले असायचे.

जाता जाता एक गंमत. व्हरमाँटमधला सर्वांत प्रसिद्ध मुंबईकर कोण? रुडयार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, १८६५ चा. लग्नानंतर बायकोच्या माहेरगावाजवळ, डमरस्टनला त्याने घर बांधलं, त्याला नाव दिलं ‘नौलखा’, आणि मोगलीच्या गोष्टी तिथे बर्फात बसून लिहिल्या. चारेक वर्षांत मेव्हण्याशी भांडण होऊन निघून गेला, पण त्याला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं वाटेत अडवून कुणी विचारल्याची नोंद मला तरी सापडलेली नाही. मला विचारतात. ‘मिरज’ म्हटलं, तर ‘नाही, त्याच्याही आधी?’ असंही विचारतात.

इथे मिरजेत मला आडनाव विचारलं जायचं. तेव्हा कधी टोचलं नाही, कारण उत्तर माझ्या सोयीचं होतं. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी आडनाव सांगण्याआधी एक क्षण थांबायची. तो क्षण कशासाठी असायचा, हे कळायला मला व्हरमाँटला जावं लागलं. यावर याहून जास्त बोलायचा अधिकार तिचा आहे, म्हणून थांबते.

सभागृहात बरीच मेडिकलची मुलं बसली आहेत आणि चिठ्ठ्या आल्यात, ‘अशी नोकरी घ्यावी का?’ घ्या. काम मनासारखं आहे, पेशंट तुम्हाला मॅपल सिरपच्या बाटल्या आणून देतात, आणि शिकायला जे मिळतं ते मोठ्या हॉस्पिटलात मिळत नाही. पण करारावर सही करण्याआधी तुमच्याआधी तिथे असलेल्या परदेशी डॉक्टरचा नंबर मागा आणि तो का गेला, हे त्याच्याच तोंडून ऐका. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरं गाव बघा. ‘मी बाईच्या हातून तपासून घेणार नाही, काळ्याच्या हातून घेणार नाही’ असं पेशंट म्हणाला तर हॉस्पिटल काय करतं, ते लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी त्याचं धोरण असतं, पण विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही. आणि नवरा किंवा बायको काय काम करणार, हे आधी ठरवा. तीन वर्षं दवाखान्यात तुम्ही असता, गावात एकटं ते असतं.