इअरपीस काढू नका, कॅब लावा

चर्चच्या बँडवाल्यांनो, फलकावर विषय लिहिलाय ‘इन-इअरमधला गिटारचा इक्यू’, म्हणजे स्टेजवर कानात घालायच्या इअरपीसमध्ये गिटारचे जाड-बारीक सूर कमी-जास्त कसे करायचे. त्यावर येतोच, पण आधी एका कानाचं गाऱ्हाणं ऐका.

रविवारी दुसऱ्या गाण्यातच गिटारवाला एक इअरपीस काढून खांद्यावर सोडतो. का? तर मंडळीचं गाणं ऐकू येत नाही. कारण खरं आहे, उपाय चुकीचा. दोन कानांनी मिळून आवाज जेवढा मोठा वाटतो तेवढा एका कानाने वाटत नाही, मग कमरेच्या पॅकचा, म्हणजे इअरपीसला आवाज देणाऱ्या डबीचा, व्हॉल्यूम वर जातो. उघड्या कानात ड्रम, बंद कानात ओरडणारी गिटार, आणि वर तक्रार की टोन पातळ आहे! अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एकच तास. (उपदेश लांबला की कानांना विश्रांती मिळते, पाळकसाहेब, हा फायदा लोक मोजत नाहीत.) मंडळी ऐकायची तर स्टेजच्या कडेला, लोकांकडे तोंड करून दोन माइक लावा. ते फक्त इन-इअरच्या ऑक्सला (मिक्सरमधून कानांकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेला) द्या, मुख्य स्पीकरला नाही.

दुसरं, टिप, म्हणजे इअरपीसचं कानात जाणारं मऊ टोक. सैल टिपमधून बास गळतो आणि गिटार पत्र्यासारखी वाजते. गाणं चालू ठेवून जबडा हलवा. बास येत-जात असेल तर मोठी टिप घ्या. फोमची टिप चिमटून बारीक करायची, कान वर-मागे ओढून आत घालायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरायची. ही गळती इक्यूने बुजत नाही. बास वाढवत गेलात तर आधी इअरपीसमधला ड्रायव्हर (चिमुकला स्पीकर) फाटका वाजेल.

पाच मिनिटं? बरं, आता पळतच.

गिटार अँपच्या १२ इंची स्पीकरचा आवाज ५ किलोहर्ट्झच्या आसपासून वर झपाट्याने पडतो. इअरपीस त्याच्या खूप वर वाजतो. म्हणून डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज) थेट डीआयमध्ये, म्हणजे गिटार अँपशिवाय मिक्सरला जोडणाऱ्या डबीत, घातलं की चरचर येते. डिस्टॉर्शननंतर कॅब सिम्युलेशन, म्हणजे अँपच्या स्पीकर-पेटीची (कॅबिनेटची) नक्कल, हवंच. मल्टिइफेक्टचं (गिटारच्या इफेक्टच्या पेटीचं) आउटपुट सेटिंग ‘अँप’वर नको, ‘लाइन’वर ठेवा. मग लो-कट (त्याखालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झ, हाय-कट (त्यावरचं कापणारा) ५ ते ६ किलोहर्ट्झ. टोचत असेल तर ३ किलोहर्ट्झजवळ दोन-तीन डेसिबल उतरवा. हे घरी हळू आवाजात ठरवू नका. हळू आवाजात कानाला बास कमी लागतो, म्हणून तो जास्त घातला जातो. सरावाला, पूर्ण बँडसोबत ठरवा.

डिजिटल मिक्सर असेल तर एकच गिटार दोन चॅनेलवर घ्या, एक हॉलसाठी, एक कानांसाठी. म्हणजे साउंडवाल्याने हॉलचा इक्यू फिरवला तरी तुमचा टोन हलत नाही. ऑक्स प्री-फेडर ठेवा, म्हणजे हॉलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) हलवला तरी कानातला आवाज तसाच राहतो. स्टिरिओ पॅक असेल तर गायक मध्ये, गिटार एका बाजूला, कीबोर्ड दुसऱ्या. मोनो असेल तर पॅनचा, म्हणजे असं डावं-उजवं वाटण्याचा, उपयोग नाही, तुमच्या मिक्समधला कीबोर्डच उतरवा. कीबोर्डवाल्यांना ते कळायचं कारण नाही.