फेसाचा पांढरा सांभाळताना

(साताऱ्यातल्या हौशी छायाचित्रकारांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, साताऱ्यात बसून समुद्राच्या लाटांवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण समुद्र लांब आहे ही काही आपली खरी अडचण नाही. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण ओलांडलं की गुहागर. अडचण कळते ती घरी आल्यावर, फोटो मोठ्या पडद्यावर उघडला की. लाट झकास फुटलेली असते, पण फेसाच्या जागी नुसता पांढरा डाग. त्यात ना थेंब, ना कड. आज जे काही सांगणार आहे ते सगळं त्या फेसासाठी.

सुरुवात पंचांगापासून. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच लागू. पंचांगात अमावास्येपुढे ३० छापलेलं असतं, तिथे १५ धरायचे. हा ठोकताळा आहे, जागेप्रमाणे वेळ मागेपुढे होते, म्हणून निघण्याआधी जवळच्या बंदराचा भरतीचा तक्ता बघाच. पण रजा कोणत्या दिवशी टाकायची हे ठरवायला पाऊणपट पुरते.

गोची पुढे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं, पण ते ऐन दुपारी. अष्टमीला भरती संध्याकाळी सहाला, उजेड सुंदर, पण तेव्हा भांग असतो, पाणी खडकापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे मधल्या तिथी बऱ्या. द्वादशी-त्रयोदशीला सकाळी नऊ ते पावणेदहा, किंवा तृतीया-चतुर्थीला दुपारी सव्वादोन ते तीन.

आता यातलं कोणतं निवडायचं? आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येऊन थेट लाटेच्या तोंडावर पडतं. रंग खरे येतात, पण फेस सपाट दिसतो, कारण त्यात सावलीच नसते. दुपार कलली की सूर्य लाटेमागे जातो. लाट उभी राहून वळायला लागली की तिचा माथा पातळ होतो, ऊन त्यातून आरपार येतं आणि क्षणभर तिथे हिरवा उजेड दिसतो. उडालेल्या प्रत्येक थेंबाला कड मिळते. मला विचाराल तर दुपारचीच वेळ घ्या. फक्त पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, तेव्हा हा हिरवा मिळत नाही, तो हिवाळ्यातच. आणि हिवाळ्यात लाटा लहान! त्यावर उपाय एकच: खाली बसा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणलात की कमरेएवढी लाटसुद्धा क्षितिजाच्या वर डोकं काढते.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट सव्वा मीटर पाण्यात. तळाचा उतार सौम्य असेल तर फेस माथ्यावरून ओघळत येतो, उतार तीव्र असेल तर लाट वळून आदळते. बहुतेक पुळणींवर वरचा भाग खालच्यापेक्षा तीव्र उताराचा असतो, म्हणून वळणाऱ्या लाटा भरतीच्या शेवटच्या तासाभरात शोधायच्या.

खडकावरच्या लाटांसाठी गुहागर तालुक्यात हेदवीची बामणघळ आहे. अरुंद घळीत पाणी घुसतं आणि भरतीला उंच उसळतं. तिथे गेल्या गेल्या ट्रायपॉड लावू नका. वीस मिनिटं लांबून नुसतं बघा. खडक कुठपर्यंत ओला आहे ती रेषा हेरा आणि तिच्याही बऱ्याच वर, कोरड्यावर उभे राहा. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेच्या अंदाजात लाटांची जी उंची असते ती सगळ्यात मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. दोन मीटर लिहिलं असेल तर एखादी लाट चार मीटरच्या आसपासही येऊ शकते. पावसाळ्यात तर त्या खडकांवर उतरूच नये, वरून लांब लेन्सने टिपावं.

आता एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते. स्वच्छ ऊन लाटेच्या तोंडावर पडत असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/१६०० सेकंद इथून सुरुवात करा, आणि मॅन्युअल मोडवर. ऑटोवर काय होतं? लाट यायच्या आधी चौकटीत काळसर पाणी जास्त, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि माथ्यावरचा थोडासा फेस जळतो. पुढच्याच क्षणी चौकट फेसाने भरते, तर तो उजेड इतका कमी करतो की फेस राखाडी. एकाच लाटेच्या दहा फ्रेम्स, दहा रंगांच्या. मॅन्युअलवर ठेवून सगळ्यात जास्त फेस पसरतो त्या क्षणाची एक चाचणी फ्रेम घ्या आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा. जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारा कॅमेऱ्यातला इशाराही चालू ठेवा. थेंबांवरच्या चमका लुकलुकल्या तर सोडून द्या. पण फेसाचा अख्खा पट्टा लुकलुकत असेल तर शटर एक टिचकी जलद करा, १/२०००.

शटरबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. थेंब गोठवायचे तर १/१६०० किंवा त्याहून जलद. पाणी वाहतं दाखवायचं तर १/४ ते १/२ सेकंद, तेही लाट परत फिरते तेव्हा, म्हणजे वाळूवर फेसाच्या रेघा येतात. मधलं १/२५० वगैरे ना धड इकडचं, ना तिकडचं. हललेला फोटो वाटतो. ३० सेकंदांत फेसाचं धुकं होतं. ते सुंदर असेल, पण त्यात लाट उरत नाही. दिवसा १/४ हवं असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची गडद काच) लागतो, तो उजेड ६४ पटींनी कमी करतो. या सगळ्याचा सराव इथेच, पावसाळ्यात ठोसेघरला करता येतो. धबधब्याच्या पांढऱ्यालाही हाच हिशेब.

तुषार उडाले की ऑटोफोकस त्यांनाच धरतो. म्हणून लाट जिथे फुटते त्या रेषेवर आधीच फोकस करून तो मॅन्युअलला टाका. मोबाइलवाल्यांनी एचडीआर बंद करावं. बरेच फोन दोन-चार फ्रेम्स जोडतात, तेवढ्यात लाट सरकलेली असते आणि फेसाला दुहेरी कड येते.

गाडीत एसी लावून उतरलात तर किनाऱ्यावर बॅग लगेच उघडू नका. थंड काचेवर दमट हवेचं दव धरतं. अर्धा तास बंदच राहू द्या. लेन्सवर खारा तुषार बसला तर कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, त्यात वाळूचे कण असतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात किंचित ओलं केलेलं मऊ फडकं, मग कोरडं. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे सांधे वाळूत जात नाहीत. पाय दाबून रोवा, कारण पाणी परतताना पायाखालची वाळू घेऊन जातं आणि ऐन एक्स्पोजरमध्ये ट्रायपॉड खचतो.

आता संपादन. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढलेला हवा. लाइटरूम असो की फुकटचं डार्कटेबल, आधी क्षितिज सरळ करा. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (ज्यावर टिचकी मारू तो रंग पांढरा धरणारं साधन) फेसावर मारायची सवय सोडा. सूर्यास्ताला फेस पांढरा नसतोच, उन्हाकडचा पिवळसर, सावलीतला निळसर असतो. तो पांढरा केलात की संध्याकाळ गेली.

हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागांचा स्लायडर उणे १०० पर्यंत ओढला की फेस मळक्या कापसासारखा होतो. उणे ३०-४० वर थांबा, आणि फक्त उजळ भागाचा मास्क करून त्यात थोडं टेक्श्चर वाढवा. क्लॅरिटी फार वाढवली तर तुषार वाळूचे कण वाटतात. डीहेझने पाणी काळवंडतं. नॉइज रिडक्शन बारीक थेंबच खाऊन टाकतं, तेव्हा ते आकाशापुरतं ठेवा. आणि निळ्याचं सॅच्युरेशन! आपला समुद्र हिरवट-करडा आहे, त्याला मालदीव करू नका. ओळखीचा माणूस लगेच पकडतो.

प्रिंट काढायची असेल तर फेसाचा सगळ्यात उजळ भाग २५५ वर (० काळा, २५५ पूर्ण पांढरा) नेऊ नका, २४५ च्या आसपास ठेवा. २५५ म्हणजे तिथे शाई पडतच नाही, कोरा कागद दिसतो, आणि ग्लॉसी कागदावर तो डाग तिरक्या उजेडात वेगळाच उठतो. मोठी प्रिंट सांगण्याआधी फेसाच्या भागाचा चार बाय सहा इंचांचा तुकडा त्याच कागदावर काढून खिडकीपाशी बघा. पडद्यापेक्षा तो गडद वाटला तर फाइल बिघडवू नका, आधी पडद्याचा ब्राइटनेस कमी करा. बहुतेकांचा तो गरजेपेक्षा जास्तच असतो.