चिठ्ठीतलं नाव

(नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपास-प्रार्थना सभेत दिलेलं व्याख्यान, संपादित)

बंधूभगिनींनो, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे असतं. कुणाचा ताप, कुणाचं कर्ज, कुणाच्या पोराची नोकरी. मधूनच एखादी वेगळी निघते. वहीचं अर्धं पान, त्यावर शेजाऱ्याचं नाव, खाली वादातल्या शेताचा गट नंबर, आणि शेवटी 'सैतानाचा नाश होवो'. आता नाश नेमका कुणाचा मागितलाय? सातबारा काही सैतानाच्या नावावर नाही!

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय आपल्या पोरांनाही पाठ आहे. सैतानाशी लढायची शस्त्रं त्यात आहेत: सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण. पण शस्त्रांच्या घाईत बारावं वचन मागे राहतं: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे ज्याला भूक लागते, ज्याचं रेशन कार्ड आहे, असा कुणीही या लढाईत आपला शत्रू नाही. आणि हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बेड्यांत होता. शेवटी तो आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणतो, तेव्हा काय मागतो? बेड्या तुटाव्यात असं नाही, पहारेकऱ्याला अद्दल घडावी असंही नाही. बोलायला शब्द मिळावेत आणि धैर्य मिळावं, एवढंच.

आपल्याकडे हे वचन विसरणं परवडत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर ताप उतरला नाही, म्हैस दगावली, की डाकीण शोधायला निघतात. सापडते ती बहुतेक वेळा एकटी बाई, पुष्कळदा विधवा, आणि कधी कधी तिच्या नावावर थोडी जमीनही असते. डाकीण कोण ते सांगणाऱ्या भगताकडे जायचं आपण सोडलं. पण तो जे बोट दाखवायचा, तेच आता 'आत्म्यानं कळवलं' म्हणत आपल्यातला कुणी दाखवू लागला, तर सोडलं काय?

कुणी विचारेल, मग स्तोत्र १०९ चं काय? 'त्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो' असं पवित्र शास्त्रातच आहे. आहे, आणि ते गाळून वाचू नये. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला एवढं जळजळीत बोलायची मुभा देवानं दिली आहे. फक्त ते देवाशी बोलायचं, चावडीवर नाही. सूड घेणं माझ्याकडे आहे, असं प्रभू म्हणतो. रोमकरांस पत्रात ते स्पष्ट लिहिलंय. आणि त्या अख्ख्या स्तोत्रात शत्रूचं नाव एकदाही येत नाही, हे बघा.

देवाकडे सोपवलं म्हणून गप्प बसायचं का? लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या दाखल्यातली विधवा गप्प बसली नाही. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, तरी ती न्याय मागत त्याच्याच दारात रोज उभी. प्रार्थना कशी करावी हे शिकवताना येशूनं उदाहरण निवडलं ते कोर्टात खेटे घालणाऱ्या बाईचं. मला हे फार आवडतं. आपल्याकडे तर २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. करणी करते म्हणून कुणाला छळलं तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा यापुढे नाव घातलेली चिठ्ठी मी मोठ्यानं वाचणार नाही. सभा सुटायच्या आत ते नाव गावभर होतं. बांधाचा वाद असेल तर मोजणीचा अर्ज लिहायला मी बसेन तुमच्याबरोबर. आणि तुमच्या पाड्यावर कुणा बाईला डाकीण म्हटलं, तर तिच्यासाठी उपास धरणाऱ्यांपैकी दोघांनी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं. कोण येणार, ते जेवणाआधी मला सांगा.